ज्वारीची नानकटाई उचलताच भुगा होते? आधी पिठाची विरी, म्हणजे धरून राहण्याचा चिकटपणा, तपासा

ट्रे बाहेर काढला तेव्हा नानकटाई दिसायला सुरेख होती. वर छान चिरा, घरभर वेलदोड्याचा वास. चिमटीत धरली आणि वाळू झाली. वरचा अर्धा भाग हातात आला, खालचा ट्रेलाच राहिला. डब्यात भरेपर्यंत निम्म्यांचा चुरा, आणि बेळगावहून निपाणीला डबा पोचेपर्यंत उरलेल्यांचाही. माझं हे दोन दिवाळ्या आणि मधला एक नाताळ असं सलग तीनदा झालं. दर वेळी कृती बदलली, फळ तेच.

निपाणीला माझी भाची असते. तिला सीलिअॅक आहे, म्हणजे गहू, जव आणि राय नावाचं धान्य यांतलं ग्लूटेन हे प्रथिन तिच्या लहान आतड्याला इजा करतं. आयुष्यभर बंद. थोडंसं चालेल, सणापुरतं चालेल, हा प्रकार त्यात नाही. आमच्याकडे दिवाळीआधी तूप, साखर, मैदा डब्यात भरून बेकरीत नेण्याची पद्धत. भट्टीवाला मळून भाजून देतो, डब्यावर आपल्या नावाची चिठ्ठी. सगळ्या पोरांनी डब्यात हात घालायचा आणि हिने बघत बसायचं, हे मला बघवेना. म्हणून ज्वारीची नानकटाई.

सुरुवातीला मला वाटलं होतं की हे सोपंच असणार. नानकटाईत कुणाला ग्लूटेन हवं असतं? मैद्याची नानकटाई जास्त मळली की चिवट होते, म्हणून तर हलक्या हाताने गोळा करायला सांगतात. मग मुळातच ग्लूटेन नसलेलं पीठ घेतलं तर आणखी खुसखुशीत व्हायला हवी. इथेच मी फसले. मैद्यातली ग्लायडिन आणि ग्लूटेनिन ही प्रथिनं पाण्याशी मिळून जाळी धरतात. तूप त्या जाळीला फार वाढू देत नाही, पण जी थोडीशी तयार होते तीच नानकटाई सांभाळते. ज्वारीत ती थोडीशीही नाही. तिथे नानकटाई उभी असते फक्त गोठलेल्या तुपावर आणि साखरेवर. ओव्हनमधून निघताना तूप वितळलेलं असतं आणि साखरही अजून धरलेली नसते.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: नानकटाई गरम असताना फुटते की गार झाल्यावरही?

गरम असतानाच फुटत असेल तर तुमचं बहुतेक काही चुकलेलं नाही. ट्रे बाहेर काढून पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका. उलथनं नको, कालथा नको, "एक चव तर बघू दे" म्हणत येणारी माणसं नकोत. खाली बटर पेपर असेल तर नानकटाई कागदासकट ओढून जाळीवर ठेवता येते. पूर्ण गार झाली की तूप पुन्हा घट्ट होतं, साखर धरते, आणि मगच ती उचलायची. माझ्या पहिल्या वर्षाचा अर्धा भुगा केवळ घाईचा होता.

पूर्ण गार होऊनही फुटत असेल, तर पुढचं वाचा.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक आक्का भाकऱ्या करून विकतात. तिसऱ्या खेपेचा चुरा वाटीत घालून मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकला आणि विचारलं, "पीठ कधीचं गं?"

"पंधरा-वीस दिवस झाले असतील."

"मग विरी गेली की त्याची. चवीला बरं हाय खरं धरणार कसं? भाकरी थापून बघितलीस काय?"

नव्हती बघितली. घरी येऊन त्याच पिठाची एक भाकरी थापली. कडा फुलासारख्या फाटल्या, तव्यावर टाकताना दोन तुकडे. ज्या पिठाची भाकरी होत नाही त्याची नानकटाई कशी होईल, हे मला तीन सण सुचलं नव्हतं, कारण डोक्यात नानकटाई म्हणजे बेकरीचा विषय होता आणि भाकरी चुलीचा.

तेव्हापासून माझी पहिली चाचणी हीच. नानकटाईचं पीठ मोजण्याआधी त्यातली मूठभर घ्या, कोमट पाण्यात मळा, तळहाताएवढी भाकरी थापा. कडेला बारीक चिरा चालतील. मधून भेग गेली तर ते पीठ धिरड्यांना वापरा आणि ताजं दळा. शाळू मिळाला तर तोच घ्या. रब्बीचा, टपोऱ्या पांढऱ्या दाण्याचा, मालदांडीसारखा. खरिपाच्या ज्वारीवर कणसात असताना पाऊस पडलेला असतो, तिचं पीठ काळपट निघतं आणि भाकरीलाही रडवतं. अथणीकडून येणारा शाळू आमच्या बाजारात मिळतो, त्याच्या पिठात मला फरक हाताला कळला. दळल्यापासून आठ दिवसांच्या आत वापरा, आणि तेवढे दिवसही फ्रिजमध्ये ठेवा. बाजरीचं पीठ घेणार असाल तर दळलं त्याच दिवशी, कारण त्यातली चरबी लवकर खवट होते आणि तो कडवटपणा वेलदोड्याने झाकत नाही.

आक्कांनी दुसराही प्रश्न विचारला होता. "उकड काढलीस काय?"

शिळ्या पिठाची भाकरी करताना आपण उकळतं पाणी घालतो. पिठातला स्टार्च गरम पाण्यात फुगतो, चिकट होतो, आणि ग्लूटेनचं काम निदान भाकरीपुरतं तो करतो. नानकटाईत नेमकं हेच घडत नाही. ओव्हनमध्ये उष्णता भरपूर असते, पण मिश्रणात पाणीच नसतं. तुपात पाणी नसतं, दूध चमचाभर. स्टार्च कोरडाच्या कोरडा भाजला जातो. त्यामुळे चव खमंग, पण कणाला कण चिकटलेला नाही.

मी उत्साहाने सगळ्याच पिठाची उकड काढली. करू नका. झाली ती नानकटाई नव्हे, उंबऱ्याला दगड म्हणून लावता येईल असं काहीतरी. आक्कांचा सल्ला भाकरीला बरोबर होता, नानकटाईला त्यातला दहावा हिस्साच पुरतो. एकूण ज्वारीच्या पिठातलं फक्त दीड-दोन चमचे पीठ बाजूला काढायचं, तीन चमचे दुधात गुठळी न होऊ देता कालवायचं, आणि मंद आचेवर हलवत राहायचं. मिनिट-दीड मिनिटात ते खळीसारखं चकचकीत होतं. पूर्ण गार झाल्यावरच तुपात घालायचं. गरम घातलंत तर तूप वितळलं आणि नवीन दुखणं सुरू.

आता माझं चालू असलेलं प्रमाण. वजनाने देते, कारण वाटीने ज्वारीचं पीठ भरताना दाबून आणि सैल यांत इतका फरक पडतो की मी त्यापायी एक पूर्ण घाणा वाया घालवलाय. ज्वारीचं पीठ 150 ग्रॅम, त्यातलंच 15 ग्रॅम उकडीला. तांदळाची पिठी 50 ग्रॅम. बेसन 40 ग्रॅम. कॉर्नफ्लॉर 20 ग्रॅम, म्हणजे पांढरा कॉर्नस्टार्च, मक्याचं पिवळं पीठ नव्हे. तूप 130 ग्रॅम, पिठीसाखर 110 ग्रॅम, उकडीसाठी दूध 45 मिली, इसबगोल अर्धा छोटा चमचा, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, मीठ चिमूटभर, वेलदोडा आणि जायफळ. साधारण पंचवीस नग होतात.

इसबगोल औषधाच्या दुकानातलाच, साधा, चव न घातलेला. तो ओलावा धरतो आणि चिकटून राहतो. अर्ध्या चमच्यापेक्षा जास्त घातलात तर नानकटाई रबरी होते. त्याऐवजी जवसाची पूड पाण्यात भिजवूनही चालते, पण जवसाचा वास चटणीची आठवण करून देतो. मला तो दिवाळीच्या डब्यात नको वाटतो. बेळगावच्या कॅम्प भागातल्या माझ्या मैत्रिणीकडे नाताळात अंडं चालतं, ती उकडीऐवजी एका अंड्याचा पिवळा बलक घालते आणि तिची माझ्यापेक्षा सुबक होते, हे कबूल करायला हवं. झँथन गम, म्हणजे ग्लूटेनऐवजी चिकटपणा आणणारी पूड, मागवून बघितला होता. काम करतो, पण उकडीने भागत असेल तर डब्याला आणखी एक परदेशी नाव कशाला.

तूप आणि साखर हाताने फेसून पांढरं, हलकं झालं की गार उकड आणि इसबगोल मिसळा, मग सगळी पिठं एकत्र चाळून घाला. गोळा झाला की झाकून निदान तासभर ठेवा. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलात तर अधिक चांगलं. हा वेळ वाचवू नका. ज्वारी आणि तांदूळ पाणी हळूहळू पितात. लगेच भाजलेली आणि दुसऱ्या दिवशी भाजलेली नानकटाई शेजारी ठेवून खाल्लीत तर कचकच कुठून येते ते कळेल.

कचकच हे वेगळंच दुखणं, आणि त्याचा दोष बहुतेक वेळा तांदळावर जातो. भाकरीचं तांदळाचं पीठ जाडसर असतं. मोदकाची पिठी वापरा: तांदूळ धुऊन, निथळून, सावलीत फडक्यावर वाळवून दळलेली. खानापूरकडचा नवा तांदूळ असेल तर तो मुळातच चिकट. घरी दळलेलं कुठलंही पीठ वस्त्रगाळ करा. मलमलच्या फडक्यातून गाळायला वेळ लागतो, हात पांढरे होतात, पण दाताखाली वाळू येत नाही. साखरही दळून चाळलेली हवी.

आता मूठ. विसावलेलं मिश्रण मुठीत दाबा, गोळा धरला पाहिजे. तो अंगठ्याने चपटा करा. कडेला केसासारख्या चिरा बऱ्या दिसतात, आरपार भेग गेली तर चमचाभर दूध. अंगठा लावताच तेलकट चमकला आणि बोटाला चिकटला तर तूप मऊ पडलंय, वीस मिनिटं फ्रिजमध्ये.

आणि सगळा ट्रे भरण्याआधी एकच नानकटाई भाजून बघा. ओव्हन तापवून एका नगासाठी वीज जाळायची, हे आईला अजून पटत नाही. पण त्या एका नगाने माझे किती घाणे वाचवले! पसरून पापड झाला, चिरून पडला, खाली करपला, हे सगळं तिथेच कळतं, आणि उरलेल्या चोवीस नगांना दुरुस्ती करता येते.

पसरण्याबद्दल थोडं. दिवाळीत पसरते आणि नाताळात पसरत नाही, असं ज्यांचं होतं त्यांनी कृतीला दोष देऊ नये. ऑक्टोबरच्या उकाड्यात गायीचं तूप वाटीत पातळ होऊन बसतं. डिसेंबरात तेच तूप दगड. म्हशीचं तूप त्या मानाने घट्ट राहतं, म्हणून दिवाळीला मी म्हशीचं रवाळ तूप घेते. मैद्यातली जाळी पसरण्याला थोडी आवर घालते, ज्वारीत तो आवर नाही, म्हणून गोळे भाजायला टाकताना गारच हवेत आणि ओव्हन आधीपासून पूर्ण तापलेला. माझ्या ओटीजीचा, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनचा, काटा 160 दाखवतो तेव्हा आत काहीतरी वेगळंच असतं. पाच-सहाशे रुपयांत मिळणारा ओव्हनचा थर्मामीटर आत ठेवला तेव्हा हे समजलं. खरे 160 अंश, मधला कप्पा, 18 ते 22 मिनिटं.

कुणीतरी मला सांगितलं होतं की बेळगाव उंचावर आहे म्हणून बिस्किटं बिघडतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. तेवढ्याने नानकटाईचं फारसं काही बिघडत नाही. शिळ्या पिठाचं खापर डोंगरावर कशाला?

नाचणी घातली तर झाली की नाही हे रंगावरून कळत नाही, सुरुवातीपासूनच तपकिरी. एक उलटून तळ बघा, तळाचा रंग कडेला गडद झालेला हवा. सोडा घातलात तर नाचणी आणखी काळी पडते आणि जास्त झाला तर साबणासारखी चव येते. मी सोडा बंद केला. डब्यात दुसऱ्या दिवशी मऊ पडत असेल तर 120 अंशांवर दहा मिनिटं पुन्हा ठेवा, गार करून स्टीलच्या घट्ट डब्यात भरा.

एवढं सगळं जमलं आणि नानकटाई अखंड निघाली, तरी ती भाचीला चालेलच असं नाही. एका खेपेला मला वाटलं, घरच्या ओटीजीपेक्षा भट्टीत बरी भाजेल. गोळे वळून एका बेकरीत दिले. छान भाजून आली. भाचीने दोन खाल्ल्या आणि दोन दिवस पोट धरून बसली. मागाहून विचारलं तेव्हा कळलं की गोळे चिकटू नयेत म्हणून ट्रेवर मैदा भुरभुरवला होता. त्या माणसाची चूक नाही, त्याची रोजची पद्धत तीच. मी सांगायला हवं होतं, आणि सांगूनही भट्टीच्या हवेत उडणारा मैदा कुठे जाणार होता?

आपल्याकडच्या नियमानुसार ग्लूटेन-फ्री लिहायचं तर एक किलो पदार्थात 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नको. गव्हाच्या पिठात ग्लूटेन साधारण आठ-दहा टक्के धरलं, तर एक किलो नानकटाईत पाव ग्रॅमच्या आसपास कणीक गेली की मर्यादा संपली. पाव ग्रॅम म्हणजे चिमटीला लागलेलं पीठ. आता गिरणीचा विचार करा. दगडांच्या फटीत आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू असतात. आमच्या गिरणीवाल्याला मी "गोधी बेड री, फक्त जोळ" (गहू नको, फक्त ज्वारी) असं कन्नडमध्ये सांगून बघितलं, त्याने आदल्या पिठाचा किलोभर बाजूला काढूनही दिला. भला माणूस. तरी सीलिअॅकसाठी ते पुरेसं नाही. पहिल्या किलोबरोबर सगळं निघून जातं याची खात्री कोण देणार?

मी आता शाळू घरी निवडते. पोत्यातल्या सुट्या ज्वारीत गहू मिसळलेले असतात. ताटात पसरलं की गोल दाण्यांत लांबट गहू लगेच डोळ्याला लागतो. धुऊन, कडक उन्हात वाळवून, मिक्सरच्या वेगळ्या भांड्यात दळते. चण्याची डाळही तशीच, कारण विकतचं बेसन गहू दळणाऱ्या गिरणीतून आलेलं असू शकतं. चाळणी नवी घ्या. जुन्या चाळणीच्या जाळीत वर्षाची कणीक अडकलेली असते, कितीही धुवा. लाकडी पोळपाट, लाटणं, जुना लाकडी चमचा बाजूला ठेवा. आणि क्रम: शंकरपाळ्या, चिरोटे, करंज्या यांचा मैदा उघडण्याआधी नानकटाई भाजून, गार करून, डब्यात बंद झालेली हवी. मैदा हवेत तरंगतो आणि मग सगळीकडे बसतो. आमच्याकडे फराळाची सुरुवात आता भाचीच्या डब्यापासून होते.

दुकानातल्या नाचणीच्या, मल्टिग्रेनच्या बिस्किटांवर भरवसा ठेवू नका. पुढे नाचणीचं चित्र आणि मागे घटकांत पहिला शब्द गव्हाचं पीठ किंवा मैदा, हे कितीदा बघितलंय. इथे पुष्कळ छोट्या कारखान्यांची पाकिटं कन्नडमध्ये असतात. कन्नड वाचता येत नसेल तर दुकानदाराला मागची बाजू वाचायला सांगा आणि 'गोधी', 'मैदा', 'रवे' हे शब्द आहेत का एवढंच विचारा. बेकिंग पावडरीचं पाकीटही वाचा, त्यात भर म्हणून कुठला स्टार्च घातलाय ते. पारंपरिक नानकटाईत बारीक रवा असतो, आणि रवा गव्हाचाच असतो हे मोठ्या माणसांनाही पटकन आठवत नाही. माझ्या एका वहिनींनी खास भाचीसाठी "मैदा न घालता" नानकटाई पाठवली होती. रव्याची.

एक गोष्ट डॉक्टरांकडून शिकले ती सांगते. घरात कुणाला गव्हाचा त्रास असल्याची शंका असेल तर तपासणीआधी गहू बंद करू नका. बंद केल्यावर रक्ताची तपासणी आजार असूनही खोटी चांगली येऊ शकते. आधी तपासणी, मग ज्वारी.

मागच्या नाताळात पंचवीसपैकी तीन फुटल्या. त्यांचा चुरा घरच्या चक्क्यात कालवून, साखर घालून भाचीला दिला. बाकीच्या बावीस कापसासारख्या टिश्यूच्या घड्या घालून, एकावर एक तीन थरांत भरल्या. चौथा थर घातला की खालच्या दबतात. निपाणीहून फोन आला, "मावशी, सगळ्या आख्ख्या आहेत गं," आणि पाठोपाठ, "पुढच्या वेळी जायफळ कमी घाल."